काचेवर कालवलेलं सिमेंट

मी सिमेंट कालवायची नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. माझा धाकटा भाऊ तर पाहुण्यांसमोर मुद्दाम सांगायचा, आमची ताई गवंड्याच्या हाताखाली आहे, रोज एक घमेलं उडवते. जळ्ळी मेली त्याची चेष्टा. मी एका वेळेस कालवायची ते सिमेंट असायचं वाटाण्याएवढं. रत्नागिरीच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या वर, दातांचा दवाखाना होता. तिथे मी ऐंशीच्या दशकातली जवळजवळ सगळी वर्षं काढली.

लागले तेव्हा माझं काम नावं लिहायचं आणि भांडी उकळायचं. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, पन्नाशीतले, कमी बोलणारे. वर्षभर त्यांनी माझे हात बघितले आणि मग एके दिवशी लोखंडी पातं माझ्या हातात देऊन म्हणाले, आजपासून सिमेंट तू कालवायचं. मला वाटलं, त्यात काय एवढं? पीठ आणि पाणी. पण पहिले पंधरा दिवस मी कालवलेलं सगळं त्यांनी नुसतं बघितलं आणि कचऱ्यात टाकलं. मी घरी येऊन रडले होते, खोटं कशाला सांगू.

त्या सिमेंटची एक बाटली पावडरची आणि एक बाटली आंबट द्रवाची. जाड काचेच्या तुकड्यावर द्रवाचे चार थेंब घ्यायचे, शेजारी पावडरचे लहान लहान ढीग करायचे, आणि एकेक ढीग थेंबात ओढत पात्याने सगळ्या काचेभर घोटायचं. पहिला ढीग तर चिमटीभरच. दोन्ही एकत्र आले की गरम होतात. घाई केली तर सिमेंट काचेवरच दगड होऊन बसतं, आणि घाबरून पातळ ठेवलं तर तोंडात जाऊन कच्चं राहतं. पातं वर उचललं की बोटाच्या पेराएवढी तार सुटली पाहिजे, मग ते झालं. हे सगळं दीड मिनिटात.

म्हणून काच गार हवी. गार काचेवर सिमेंट सावकाश आवळतं, पावडर जास्त मावते, आणि पावडर जितकी जास्त तितकं ते पक्कं होतं. आमच्याकडे उकाडा तर विचारू नका, नुसतं बसलं तरी अंगाला कपडे चिकटतात. तर डॉक्टरांची पद्धत अशी की काच कोरड्या फडक्यात दुहेरी गुंडाळायची आणि माठाला टेकवून ठेवायची. काढल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. गार हवी, थंडगार नको, एवढंच ते म्हणायचे. का नको ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दवाखान्यात दोन तऱ्हेच्या कॅपा बसायच्या. दाढांना धातूची आणि समोरच्या दाताला चिनी मातीची, अगदी खऱ्या दातासारखी. चिनी मातीची मुंबईहून करून यायची, काडेपेटीत कापूस घालून. ती हातात घेतली की मला भीती वाटायची, अंड्याच्या टरफलासारखी पातळ. मी एकदा डॉक्टरांना विचारलं, एवढीशी ही, ह्याने माणूस जेवणार कसा? तेव्हा त्यांनी खिडकीतून समोरच्या कौलांकडे बोट केलं. म्हणाले, कौल खालच्या लाकडी रिपांवर नीट बसलेलं असलं की वांदर नाचला तरी फुटत नाही. खाली पोकळ राहिलं तर मांजराच्या पायानंही तडकतं. धातूची कॅप आपल्या स्वतःच्या ताकदीवर उभी असते, चिनी मातीची ताकद खालच्या सिमेंटात. सिमेंट कच्चं तर कॅप कच्ची, मग ती मुंबईहून आणा नाहीतर विलायतेहून.

मला ते फार पटलं. त्या दिवसापासून मी कालवताना कोणाशी बोलत नसे. पुढे एकदा चिपळूणहून दुसरे एक डॉक्टर आले होते, तेव्हा आमचे डॉक्टर त्यांना म्हणाले की सिमेंट कालवावं तर हिनं. मी आतल्या खोलीत होते, पण ऐकलं. त्या वाक्यावर मी दोन वर्षं तरंगत होते.

मग दवाखान्यात फ्रिज आला.

डॉक्टरांनी तो इंजेक्शनांसाठी घेतला होता. पण कोकणातल्या पावसाळ्यात फ्रिज ही काय चीज आहे ते कोकणातल्या बाईलाच कळेल. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, बिस्किटं मऊ पडतात, चपलांना बुरशी येते. त्या सगळ्या ओलीत एकच जागा कोरडी, फ्रिज. आमच्या शेजारणीने तर पोह्याचे पापड आणि उदबत्त्यासुद्धा आत ठेवल्या होत्या. मीही तेच केलं. माठाजवळचं फडकं पावसात दमट लागायचं, म्हणून काच उचलली आणि नेऊन फ्रिजमध्ये ठेवली, पावडरच्या बाटलीशेजारी. कोरडी राहावी म्हणून ठेवली, हे लक्षात घ्या.

आणि काय सांगू, कालवणं लोण्यासारखं झालं. घाई नाही, धावपळ नाही, सिमेंट आरामात मऊ राहायचं. काम झाल्यावर काचेवर उरलेलं पूर्वी खरवडून काढावं लागायचं, नखं मोडायची. आता ते अंगठ्यानेच निघून यायचं. मी खूश. डॉक्टरांचं लक्ष पेशंटच्या तोंडात, माझी पाठ त्यांच्याकडे, काच मी कुठून काढते हे त्यांनी कधी बघितलं नाही.

त्याच पावसाळ्यात त्या बाई आल्या.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. एस.टी.ने दोन तास आतलं गाव, तिथून. वय सत्तावीस-अठ्ठावीस, नवरा मुंबईला नोकरीला, पदरी एक मुलगी. त्यांच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. मार्च महिन्यात घंटा देताना तार तुटली आणि रूळ तोंडावर आला. समोरचा वरचा दात अर्धा गेला. नशीब, मूळ शाबूत होतं. डॉक्टरांनी मुळाचं काम उन्हाळ्यात पूर्ण केलं, माप घेतलं, आणि जूनमध्ये मुंबईहून कॅप आली.

बाई पहिलीला शिकवायच्या. दात तुटल्यापासून त्या पदर तोंडावर धरून शिकवत होत्या. त्यांनी मला एकदा सांगितलं की वर्गातल्या पोरीही आता धडा म्हणताना तोंडावर हात धरतात, बाई धरतात म्हणून. सांगताना त्या हसल्या आणि हसताना पुन्हा पदर वर गेला. पहिलीच्या पोरांना अक्षर शिकवायचं तर बाईचं तोंड दिसावं लागतं, असं त्या म्हणाल्या. त्यांना तो दात नटण्यासाठी नको होता.

कॅप बसवली तेव्हा सिमेंट अर्थात मीच कालवलं. बाईंनी आरशात बघितलं आणि आरसा बराच वेळ खाली ठेवला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना शेजारच्या हॉटेलातून चहा मागवून दिला.

पाच आठवड्यांनी बाई परत आल्या, पदर तोंडावर. कॅप तडकली होती, मानेपाशी अर्धचंद्रासारखा तुकडा उडालेला. डॉक्टरांना वाटलं, मुंबईहूनच काही खोट आली असेल. त्यांनी पुन्हा माप घेऊन पाठवलं. ऑगस्टच्या मध्याला दुसरी कॅप बसली. ती गणपती गेले आणि तशीच तडकली, त्याच जागी.

आता डॉक्टरांचा संशय बाईंवर गेला. काय खाल्लं, काय चावलं, सुपारी खाता का, दोरा दातांनी तोडता का, सगळं विचारून झालं. बाई प्रत्येकाला नाही म्हणत होत्या. भाकरी आमटीत भिजवून दाढेने खाते, एवढंच म्हणत होत्या. डॉक्टर तेवढ्यावर थांबले. पण मला कुठे दम निघतोय? बाई बाहेर येऊन बसल्या, तिथे सात-आठ पेशंट बसलेले, आणि मी तिथेच सुरू केलं. म्हटलं, बाई, खरं सांगा, कुर्ल्या फोडल्यात ना? पावसात मळ्यातले खेकडे आणायचे, नांगे दातांनी कडाकडा फोडायचे, आणि इथे येऊन डॉक्टरांच्या कामाला नाव ठेवायचं. शिकलेल्या तुम्ही, खोटं बोलायला काही वाटत नाही?

कोणीतरी हसलं. बाईंनी मान खाली घातली. त्या एवढंच म्हणाल्या, "मी नाही खाल्लं हो, ताई."

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. बाईंच्या कार्डावर मी माझ्या हाताने पत्ता लिहिला होता, गावाचं नाव आणि पुढे बौद्धवाडी. वाडीतल्या त्या पहिल्याच शिक्षिका, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. एखाद्या वकिलाच्या बायकोची कॅप दोनदा तडकली असती तर मी तिला चारचौघांत कुर्ल्यांवरून बोलले असते का? नसते. तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. आता विचारते आणि मला माझी लाज वाटते.

डॉक्टरांनी बाईंना समजावून सांगितलं. तिसरी कॅप करण्यात अर्थ नाही, तुमच्या चावण्यात काहीतरी आहे, ती पुन्हा तडकणार. दरवेळी दात थोडा थोडा झिजवावा लागतो, तेही चांगलं नाही. त्यापेक्षा मूळ काढून टाकू आणि काढता-घालता येणारी दाताची पट्टी देऊ. बाई म्हणाल्या, पट्टी वर्गात बोलताना हलते ना? डॉक्टर म्हणाले, थोडी हलते, सवय होते. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून दोन आठवड्यांनंतरचा शनिवार दात काढायला ठरला.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी एक मासळीचे व्यापारी आले, हातात धातूची कॅप. जेवताना निघून आली म्हणाले. जुलैमध्ये बसवली होती. डॉक्टरांनी मला ती आतून साफ करायला दिली. मी टोकदार हत्यार लावलं आणि आतलं सिमेंट राखुंडीसारखं भुरभुरून खाली पडलं. मी बघतच राहिले. कारण आदल्याच महिन्यात मी एक चार वर्षांपूर्वीची कॅप साफ केली होती, आणि तिच्यातल्या सिमेंटावर माझं हत्यार घसरत होतं.

मी फ्रिजमधून काच काढली आणि टेबलावर ठेवली. नुसती बघत उभी राहिले. दहा आकडे मोजायच्या आत काचेला घाम फुटला. मी फडक्याने पुसली, पुन्हा फुटला. पुसल्यावर मी रोज लगेच थेंब टाकून कालवायला घ्यायची, म्हणून मला तो दुसरा घाम कधी दिसलाच नव्हता. तो पात्याखाली सिमेंटात जात होता. फ्रिजमध्ये कोरडी असलेली काच आमच्या हवेत आली की ओली होत होती, आणि पावसाळाभर मी त्या ओलीवर कालवलेलं लोकांच्या तोंडात गेलं होतं.

तरी मन मानेना. संध्याकाळी पेशंट संपल्यावर एक गोळी फ्रिजच्या काचेवर कालवली, दुसरी काच माठाला टेकवून तिच्यावर एक कालवली. दोन्ही दोन बशांत पाणी घालून झाकून ठेवल्या. सकाळी पहिली अंगठ्याच्या नखाने फुटली. दुसरीवर नख मोडलं.

आता मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. पण मी बुधवारी गप्प राहिले. गुरुवारी गप्प राहिले. काच गुपचूप माठाशी नेऊन ठेवली आणि मनाला समजावलं की इथून पुढे तर सगळं ठीक होणार. दात एकच तर जाणार आहे, पट्टी मिळणार आहे, पट्टीची लोकांना सवय होते. शुक्रवारी मी ताट अर्धं टाकून उठले. भावजयीने विचारलं, बरं वाटत नाही का? मी तिच्यावरच डाफरले. खरं सांगायचं तर मला नोकरी जाण्याची भीती नव्हती. डॉक्टर मला काढणार नाहीत हे मला माहीत होतं. सिमेंट कालवावं तर हिनं, हे वाक्य जाईल याची भीती होती.

शनिवारी बाई आल्या. मुलीला घरी कोणाकडे तरी ठेवून आल्या होत्या. खुर्चीत बसल्या, हात मांडीवर एकावर एक. मी ट्रे लावला, त्यात चिमटा ठेवला, कापूस ठेवला. डॉक्टरांनी सिरिंज भरली आणि उजेडात धरून बघितली. बाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं, पदर न धरता.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "कॅपा बाईंनी नाही फोडल्या. सिमेंट माझं कच्चं होतं."

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, समजलं नाही तसं. मी आतून दोन्ही बशा आणल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. फ्रिज, घाम, व्यापाऱ्यांची कॅप, सगळं. मंगळवारपासून मला माहीत आहे हेही सांगितलं. त्यांनी दोन्ही गोळ्यांवर नख लावलं. पहिलीचा भुगा बोटांवर बराच वेळ चोळत राहिले. मग म्हणाले की थंडगार नको का म्हणतो ते मी तुला सांगायला हवं होतं, आणि काच कुठे ठेवतेस ते बघायला हवं होतं. त्यांनी बाईंकडे वळून सांगितलं, दात काढायचा नाही, तिसरी कॅप मी करून देतो, आणि झाला त्रास तो आमच्यामुळे.

बाई खुर्चीत उठून बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "म्हणजे मी झोपेत काही करत नव्हते?"

मी म्हटलं, "नाही बाई."

"मला वाटलं, जागेपणी मी काही चावत नाही, म्हणजे झोपेतच दात खात असणार. जुलैपासून मी रोज तोंडाला फडकं आवळून बांधून झोपते. मुलगी घाबरते, म्हणून ती झोपल्यावर बांधते."

मी हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं, मला माफ करा. बाई म्हणाल्या, "तुम्ही मला बोललात तेव्हा बाहेर माणसं होती."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी दार उघडून बाहेर गेले. बाकावर पाच-सहा जण होते, त्या दिवशीचं त्यात कोणीही नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ गाल धरून बसले होते. मी उभी राहून सांगितलं की ह्या आत बसलेल्या बाईंची कॅप दोनदा तडकली, मी त्यांना चारचौघांत खोटारडी म्हटलं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, चूक माझ्या हाताची होती. माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार कोण कुठली कॅप. तरी मी शेवटपर्यंत बोलले, कारण दार उघडं होतं आणि आत ऐकू जात होतं.

त्यानंतर डॉक्टरांनी पावसाळ्यात कॅप बसवलेल्या सगळ्यांची कार्डं काढायला लावली आणि एकेकाला पोस्टकार्ड टाकून बोलावलं. पत्रं मी लिहिली. बाईंची तिसरी कॅप दिवाळीची सुट्टी संपता संपता आली.

त्या दिवशी डॉक्टरांनी टेबलावर दोन सिमेंटं मांडली. एक आमचं नेहमीचं. दुसरं नवीन, मुंबईच्या कुठल्याशा परिषदेतून आणलेलं, काचेच्या भुकटीपासून केलेलं. बाई शिक्षिका, म्हणून त्यांनी त्यांना नीट उलगडून सांगितलं. जुनं सिमेंट कॅप आणि दाताच्या मधली फट घट्ट भरतं, पण दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून राहतं. नवीन आहे ते दाताला धरतं, म्हणून कॅपला आधार जास्त चांगला मिळेल असं पुस्तकात आहे. पण बसताना पहिली काही मिनिटं त्याला पाण्याचा थेंब लागून चालत नाही, आणि ह्या दवाखान्यात ते आतापर्यंत थोड्याच जणांना वापरलंय. ह्या दाताला चौथी संधी नाही. माझं मन नव्याकडे झुकतंय, डॉक्टर म्हणाले, पण दात तुमचा आहे.

बाईंनी विचारलं, नवीन सिमेंट कोण कालवणार? डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. बाईंनी मला विचारलं, किती वेळा कालवलंत? मी म्हटलं, दोनदा. खरं तेच सांगितलं.

"मग जुनंच भरा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं, बाईंना माझ्या हाताची धास्ती आहे. ते घाईने म्हणाले की ठीक आहे, जुनं भरू, आणि आज मी स्वतः कालवतो. मलाही ते बरोबर वाटलं. मी पातं त्यांच्यापुढे केलं आणि मागे सरले.

बाईंनी मान हलवली. "नको डॉक्टर. ताईंनाच कालवू दे. वर्गात ज्या पोराला स्वतःची चूक स्वतः सापडते ना, त्याचं ते गणित पुन्हा चुकत नाही. ह्यांना त्यांची सापडली आहे."

आणि त्या मागे रेलल्या आणि तोंड उघडलं.

ती कॅप टिकली. पुढे आम्ही नवीन सिमेंटही शिकलो, समोरच्या दातांना तेच वापरू लागलो, आणि मी दवाखाना सोडला तेव्हा बाईंचा दात जुन्या सिमेंटावर जसाच्या तसा होता. पण मला त्या दिवसाचं ते दीड मिनिटच आठवतं. काच मी तीनदा बघितली, कोरडी होती. पावडरचे ढीग केले, थेंब घेतले आणि पहिला ढीग ओढला, तेवढ्यात माझे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. काचेवर पाण्याचा एक थेंबही पडून चालणार नव्हतं, म्हणून मी मान जमेल तितकी मागे ओढली, हात लांब केले, आणि तशीच घोटत राहिले.